भिंतीवरच्या नोंदी

‘देवीचा रोगी कळवा आणि एक हजार रुपये मिळवा.’ गेरूने रंगवलेली ही ओळ ज्यांनी भिंतीवर वाचली, ती पिढी आता साठीला टेकली आहे किंवा पुढे गेली आहे. त्या काळी हजार रुपयांत तोळाभर सोनं घेऊन वर पैसे उरत. एवढी रक्कम सरकार एका रोग्याच्या पत्त्यासाठी का देतं, हे आम्हा पोरांना कळत नसे. शाळेत जाता-येता ती ओळ वाचायची आणि कुणाच्या अंगावर पुरळ दिसलं की एकमेकांना कोपराने ढोसायचं, एवढंच आम्ही करत होतो.

पुढे कळलं की रोगी कमी होत गेले तशी बक्षिसाची रक्कम वाढत गेली होती. लस टोचणारे घरोघर फिरत. अंगभर देवी उठलेल्या मुलाचं चित्र दाखवून ‘असं कुणी पाहिलंय का?’ म्हणून विचारत. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्यात म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर लशीचे दोन गोल व्रण अजून दिसतात. त्यांच्या नातवंडांच्या दंडावर ते नाहीत, कारण ती लस टोचायची गरजच उरली नाही.

भिंतीवरच्या त्या ओळीत उपदेश नव्हता. स्वच्छ राहा, सावध राहा, जागे व्हा, असं काही ती सांगत नव्हती. तुम्हाला माहीत असेल ते सांगा, एवढंच तिचं मागणं होतं. गेल्या पन्नास वर्षांतल्या आरोग्याच्या मोहिमा आठवायला बसलो की मला आष्ट्याच्या भिंती आठवतात. त्यांवर दोन तऱ्हेचं लिखाण झालं. एक लोकांना शिकवणारं, आणि दुसरं पुढच्या फेरीला येणाऱ्या माणसासाठी ठेवलेली नोंद. पहिल्या तऱ्हेच्या लिखाणावर दर दिवाळीला चुना फिरला. दुसऱ्या तऱ्हेचं लिखाण ओबडधोबड, कधी नुसती तारीख, कधी नुसती फुली. पण रोग हटले ते त्याच्या जोरावर, असं माझं मत आहे.

हिवतापवाल्यांची नोंद ही मी पाहिलेली पहिली. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. फवारणीची माणसं आली की बायका भांडीकुंडी, धान्याची पोती, देव्हारा सगळं अंगणात काढून ठेवत. सारवलेल्या भिंतीवर डीडीटीचा पांढुरका थर बसे. नंतर आरोग्यसेवक यायचा, कुणाला ताप येऊन गेला का विचारायचा, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि जाताना दाराशेजारी तारीख लिहायचा. ती तारीख आमच्यासाठी नव्हती. त्याच्यावरचा अधिकारी येईल त्याने ती वाचायची होती आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येताना त्याने स्वतः वाचायची होती.

या तारखांचं मोल देशाला मोठी किंमत देऊन कळलं. १९६५ पर्यंत हिवतापाचे रोगी वर्षाला लाखाच्या आसपास खाली आले होते. मग फेऱ्या सैल झाल्या. फवारणीचं औषध वेळेवर पोचेना, डासही डीडीटीला दाद देईनासे झाले. १९७६ मध्ये रोग्यांचा आकडा ६४ लाखांवर गेला. अकरा वर्षांत चौसष्टपट. रोग संपत आला की आपलं लक्ष उडतं, आणि उरलेले थोडे रोगी शोधायचे दिवस नेमके तेच असतात. देवीच्या वेळी तेव्हाच बक्षीस वाढवलं गेलं, हिवतापाच्या वेळी तेव्हाच दारावरच्या तारखा जुन्या होऊ लागल्या.

भिंतीवरची प्रत्येक खूण चांगली असते असं मात्र नाही. आमच्या आजीच्या पिढीला ‘गाठीचा ताप’ हे शब्द उच्चारायचीही भीती वाटे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सातारा जिल्ह्यात पसरला. आष्टा तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. उंदीर पडू लागले की गाव रिकामं करून रानात खोपट्या घालून राहायचं, ही आमच्या भागातली रीत होती. शेतात काढलेल्या त्या महिन्यांच्या गोष्टी आम्ही जेवताना ऐकल्या आहेत. मुंबईत प्लेगने माणूस गेलं की घराच्या भिंतीवर लाल वर्तुळ काढत. पुण्यात सोल्जर घरात शिरून झडती घेत. त्या खुणेचा आणि त्या झडतीचा लोकांनी एवढा धसका घेतला की आजारी माणूस माळ्यावर लपवून ठेवायला लागले, आणि रोग लपून पसरला. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांचा विश्वास कशाने बसतो हे त्या परक्या माणसाने बरोबर ओळखलं होतं. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

आता पोलिओकडे येतो. माझ्या डोळ्यांदेखत सुरू होऊन शेवटाला गेलेली मोहीम तीच.

९ डिसेंबर १९९५ रोजी देशात पल्स पोलिओचा पहिला दिवस झाला, २० जानेवारी १९९६ रोजी दुसरा. सुरुवातीला तीन वर्षांखालची मुलं होती, पुढे पाच वर्षांपर्यंतची घेतली. शाळेचा व्हरांडा, दोन बाकं, निळसर डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या आणि मधोमध लशीच्या बाटल्या. ‘दोन थेंब प्रत्येक वेळी’ असं लिहिलेला कापडी फलक. डावी करंगळी पुढे करून शाई लावून घेताना पोरांना मोठी ऐट वाटे, कारण तशी शाई तोवर मतदानाच्या दिवशी मोठ्यांच्या बोटालाच दिसायची. पहिल्या वर्षी लोक सणासारखे आले.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुरबुर सुरू झाली. ‘मागल्या वेळी पाजलाय की.’ ‘परत परत का?’ ‘यात दुसरंच काही औषध नसेल ना?’ बूथवर येणारी माणसं ठरलेली झाली आणि न येणारीही ठरलेली झाली. १९९९-२०००च्या सुमारास रविवारच्या बूथनंतर घरोघर फिरायचं ठरलं, आणि खरी मोहीम तिथून सुरू झाली असं मी मानतो. दोघी-दोघी जणी खांद्याला डबा अडकवून गल्लीबोळ धुंडाळू लागल्या. घरातली सगळी मुलं झाली असतील तर दाराशेजारी खडूने ‘पी’ काढायचा. एखादं मूल मामाकडे गेलं असेल, झोपलं असेल, आजोबांनी नको म्हटलं असेल, तर फुली मारायची. फुलीच्या घरी संध्याकाळी पुन्हा जायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी. समजूत घालायला कधी नर्सबाई जायच्या, कधी गल्लीतली मानाची बाई, कधी मौलवीसाहेब. फुलीचा ‘पी’ झाला की ते घर सुटलं.

एका फेरीत माझ्या शेजारच्या घरावर फुली पडली. घरात सून बाळंतीण होती, आणि पाचवी पुजायच्या आधी बाळाला बाहेरचं काही द्यायचं नाही असं म्हातारीचं म्हणणं होतं. त्या दोघी संध्याकाळी आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी मागितलं, बाळंतविडा कुणी आणला विचारलं, म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी केली. लशीचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा म्हातारीनेच बाळ बाहेर आणलं. खडूच्या फुलीवर ‘पी’ उमटला, आणि दोघी पुढच्या दाराकडे वळल्या. असे दोन दिवस देशातल्या लाखो ओट्यांवर खर्ची पडले असतील. त्यांचा हिशेब कुठल्याच अहवालात मांडता येत नाही.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एका दोन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाला. वन्य पोलिओ विषाणूचा देशातला तो शेवटचा रोगी. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. माझ्या वर्गात दोघं जण कॅलिपर घालून यायचे. आज आष्ट्याच्या कुठल्याही शाळेत जा, कॅलिपर म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगावं लागतं.

एचआयव्हीची मोहीम आली तेव्हा भिंतीवर कवटी आली. त्या चित्राने माणसं सावध झाली नाहीत, एकमेकांपासून दूर मात्र झाली. नव्वदच्या दशकात सांगली हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक बाधित जिल्ह्यांपैकी एक होता, आणि ज्या घरात हा आजार शिरला त्या घरच्या मयतीला खांदा द्यायला माणसं मिळत नसत. हे आम्ही आमच्या भागात पाहिलं आहे, आणि त्याची लाज आजही वाटते. त्याच सांगलीत १९९२ मध्ये मीना शेषू यांच्या संग्राम या संस्थेने, म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेने, वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम सुरू केलं. निरोध वाटायचं, इतर बायकांना माहिती द्यायचं, दवाखान्यात सोबत जायचं काम त्या बायकांनीच अंगावर घेतलं. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. ज्यांच्याकडे सगळे रोगाचं मूळ म्हणून बोट दाखवत होते, त्याच बायका रोग अडवायला दारोदार गेल्या. इथे दारावर खूण करून चालणारच नव्हतं. नोंद ठेवायची ती मनात आणि कुलपातल्या वहीत. प्लेगच्या लाल वर्तुळापासून आपण काही शिकलो असू, तर ते इथे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत औषधं मोफत मिळू लागली, आणि २०१७च्या कायद्याने रोग्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं.

या जिल्ह्याने राज्याला आणखी एक मोहीम दिली. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावंच्या गावं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली, वेशीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ची पाटी लागली. बक्षिसासाठी झालेली स्वच्छता काही ठिकाणी परीक्षण समिती वेशीबाहेर जाईपर्यंतच टिकली. पण जिथे गुड मॉर्निंग पथक पहाटे टॉर्च घेऊन महिनोन्‌महिने फिरलं, तिथे उघड्यावर जायची सवय मोडली.

कृष्णा आणि वारणेने आमच्या भिंतींवर स्वतःची नोंद केली आहे. २००५चा पूर, २०१९चा, २०२१चा. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नदीकाठच्या गावांत घरोघरी छातीभर उंचीवर चिखलाची रेघ राहिली. पाणी ओसरल्यावर पावडर फवारणं, टाक्यांत क्लोरीन टाकणं, चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोच्या गोळ्या वाटणं सुरू झालं, आणि तेही आठवडेच्या आठवडे. पुराच्या बातम्या थांबल्या तरी ते काम चालूच होतं.

मग २०२०. २३ मार्चला इस्लामपुरात, आताच्या ईश्वरपुरात, परदेशातून आलेल्या एका कुटुंबातले चौघे कोरोनाबाधित निघाले. महिनाअखेरीस आकडा पंचवीसच्या घरात गेला. आष्ट्याहून इस्लामपूर म्हणजे सकाळ-संध्याकाळचं जाणं-येणं, त्यामुळे भीती आमच्या ताटापर्यंत आली. रस्त्यांवर बांबू आडवे पडले. लोकांच्या डाव्या हातावर, म्हणजे ज्या हाताच्या करंगळीला आपण पोलिओची शाई पाहत आलो त्याच हातावर, विलगीकरणाचा शिक्का बसला. इस्लामपुरात बाधित भाग बंद करून घरन्‌घर तपासण्यात आलं, संपर्कातला माणूस न्‌ माणूस शोधण्यात आला. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांतले बहुतेक जण मिरजेहून बरे होऊन परतले. त्या घरोघरीच्या फेऱ्या काही नव्याने शिकवाव्या लागल्या नाहीत. पोलिओच्या पंधरा वर्षांनी त्या आशाताईंच्या, अंगणवाडीताईंच्या आणि नर्सबाईंच्या पायांत भिनलेल्या होत्या. वर्षभराने दुसरी लाट आली आणि तिने जिल्ह्याला फार रडवलं. त्या लाटेत आम्ही माणसं गमावली, आणि त्यावर इथे दोन ओळींत लिहिणं मला जमणार नाही.

२२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांना सन्मान दिला. महाराष्ट्रातल्या आशांना मात्र मानधनाच्या वाढीसाठी २०२३-२४ मध्ये दोनदा संप करावा लागला आणि ऐन हिवाळ्यात मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं. ज्यांच्या पायांवर सगळ्या मोहिमा चालतात, त्यांच्या मोबदल्याची ही गत अन्यायाची आहे.

पुढच्या वर्षभराचं आरोग्याचं कॅलेंडर समोर धरलं तर त्यात दिवसच दिवस आहेत. ३० जानेवारी कुष्ठरोगाचा, २४ मार्च क्षयरोगाचा, ७ एप्रिल आरोग्याचा, एप्रिलअखेरचा आठवडा लसीकरणाचा, ३१ मे तंबाखूविरोधाचा, २८ सप्टेंबर रेबीजचा, १ डिसेंबर एड्सचा. यांतल्या प्रत्येक दिवशी प्रभातफेरी निघेल, शाळेत निबंध होतील. ते व्हावेत. मुलांच्या तोंडून घोषणा घरात शिरते, हे मी अनुभवलं आहे. पण २४ मार्चच्या फेरीने क्षय जात नाही. आमच्याकडे क्षय झाला की ‘त्याला मिरजेला हलवलाय’ म्हणत आणि सगळे समजत. वानलेसवाडीचं सॅनेटोरियम दूरदूरच्या लोकांना माहीत होतं. आता माणूस घरी राहूनच बरा होतो, सहा महिने औषध न चुकवता घेतलं तर. भारताने २०२५ पर्यंत क्षयमुक्त व्हायचं ठरवलं होतं. दर लाख लोकसंख्येमागे २०१५ मध्ये २३७ नवे रोगी होते, ते २०२३ मध्ये १९५ वर आले. घट खरी आहे, पण मुक्ती अजून लांब आहे. पोषणासाठी महिना पाचशे मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. चौथ्या महिन्यात बरं वाटू लागलं की माणूस गोळ्या सोडतो. त्या महिन्यात त्याच्या दारात कोण जातं, यावर सगळं अवलंबून आहे.

गोवर-रुबेलाचंही तेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून ती लस दिली तेव्हा मोबाइलवरच्या अफवांनी आई-बाप घाबरले होते. चार वर्षांनी मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराची साथ आली. आता २०२६ पर्यंत गोवर-रुबेला हटवायचं देशाचं उद्दिष्ट आहे. आणि इथे मला भिंतीची मर्यादा दिसते.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडून, नगरकडून, विजापूरकडून. कारंदवाडीच्या, साखराळ्याच्या, वाळव्याच्या कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि आष्ट्याच्या चहूबाजूंना रानात कोप्या उभ्या राहतात. बांबूची कमान, वर पाचट, फार तर ताडपत्री. कोपीला भिंत नसते. ‘पी’ काढायला जागा नाही, फुली मारायलाही नाही. आज इथे असलेली कोपी पंधरा दिवसांनी दुसऱ्या फडाजवळ जाते. पोलिओच्या फेऱ्या बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात येतात. म्हणूनच वीटभट्ट्या, बसस्टँड आणि उसाचे फड यांच्यासाठी फिरती पथकं करावी लागली. पहाटे चारला आई-बाप कोयता घेऊन निघालेले, मूल साडीच्या झोळीत, राखणीला सहा-सात वर्षांची बहीण. तिला विचारलं, लस दिलीय का, तर तिला काय सांगता येणार? गावाकडचं लसीकरणाचं कार्ड गावाकडेच पत्र्याच्या पेटीत. गोवराचे दोन डोस नऊ महिन्यांनंतर आणि दीड वर्षाच्या आसपास द्यायचे असतात. पहिला बीडला झाला असेल तर दुसरा इथे पडतो, आणि तो कुणाच्याच यादीत नसतो. रात्री जमिनीवर अंथरूण, त्यामुळे मण्याराची भीती. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायची योजना देशाने २०२४ मध्ये जाहीर केली. तिचा पहिला धडा आमच्या उसाच्या रानातच गिरवावा लागेल.

या कोप्या कुठे पडल्या आहेत हे उपकेंद्राच्या आधी कुणाला कळतं? ज्याच्या बांधावर पडल्या त्या शेतकऱ्याला. कारखान्याच्या चिटबॉयला. टोळीच्या मुकादमाला. किराणा उधार देणाऱ्या दुकानदाराला. म्हणजे आपल्यालाच. भिंतीवरची ओळ पन्नास वर्षांपूर्वी आपल्याकडे जे मागत होती, तेच आजही हवं आहे. फक्त आता हजार रुपयांचं बक्षीस नाही.

या हंगामात तुमच्या रानात टोळी उतरली, तर त्याच दिवशी गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरांना फोन करा. किती कोप्या आहेत, पाच वर्षांखालची मुलं किती, पोटुशी कुणी आहे का, कुणाला पंधरा दिवसांवर खोकला आहे का, एवढं सांगा. आणि टोळी दुसऱ्या फडावर हलली की ती कुठे गेली, तेही कळवा.